२०३०पर्यंत ३० टक्के: जागतिक उद्दिष्टांनी निसर्ग वाचेल का?

रानवाट:
डिसेंबर २०२२मध्ये माँट्रियलला जगातल्या बहुतेक देशांनी ठरवलं की २०३०पर्यंत ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र राखायचा. तेव्हा जमीन साधारण १७ टक्के आणि समुद्र ८ टक्के संरक्षित होता. मला असा आकडा हवाच वाटतो. जंगलं, खारफुटी, पाणथळ जागा गेल्या तर नुसती कोळशाची वीज बंद करून पॅरिस करारातली तापमानवाढीची दीड अंशाची मर्यादा सांभाळता येणार नाही. कार्बन तिथेही साठलेला आहे.

तळकोकण:
आकडे आधीही होते. २०१०मध्ये जपानात निसर्ग वाचवण्यासाठी २० जागतिक उद्दिष्टं ठरली, त्यांना ‘आयची’ उद्दिष्टं म्हणतात. २०२०मध्ये हिशेब मांडला, तर जागतिक पातळीवर एकही पूर्ण झालेलं नव्हतं. कुणाला जाब विचारला? १९८७चा ओझोनचा करार यशस्वी झाला, कारण कराराबाहेरच्या देशांशी ओझोनचा थर विरळ करणाऱ्या रसायनांचा व्यापार बंद केला आणि पुढे गरीब देशांसाठी निधीही उभारला. इथे धाक कसला आहे?

रानवाट:
ती रसायनं मोजक्या कंपन्या बनवत होत्या आणि त्यांना पर्याय सापडले. जंगल तुटतं सोयासाठी, पामतेलासाठी, गुरांच्या कुरणांसाठी, खाणींसाठी. व्यापारबंदी कुणाकुणावर घालणार? आणि आयचीतलं १७ टक्के जमिनीचं उद्दिष्ट जवळपास गाठलं गेलं होतं. आकडा नेमका होता, म्हणूनच.

गडचिरोलीकर:
तुम्ही दोघंही क्षेत्रफळच मोजताय. अभयारण्य जाहीर झालं की पहिली गदा तिथे राहणाऱ्यांवर येते. आमच्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभा बांबू विकते आणि जंगलही राखते. माँट्रियलच्या मजकुरात आदिवासींचे हक्क आहेत, पण नकाशा रंगवणारे अधिकारी ते मानतील याची हमी कोण देणार?

तळकोकण:
हेच तर म्हणतोय. सिंधुदुर्गातल्या २५ ग्रामसभांनी ‘आम्हाला संवेदनशील क्षेत्रात घ्या’ असे ठराव केले, पश्चिम घाटावरच्या गाडगीळ समितीच्या २०११च्या अहवालात त्यांची नोंद आहे. २०१३मध्ये त्यानंतरच्या कस्तुरीरंगन समितीने अशा क्षेत्रासाठी सुमारे ३७ टक्के घाट सुचवला. जुलै २०२४मध्ये त्याच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा निघाला! गावं तयार होती. घोडं अडलं ते वर.

रानवाट:
मग आकडा सोडून कसं चालेल? भारताने २०२४मध्ये कोलंबियातल्या काली शहरातल्या जैवविविधता परिषदेत सुधारित राष्ट्रीय आराखडा मांडला, त्यात हे ३० टक्के आहेत. त्या २५ ग्रामसभांनी त्यावरच बोट ठेवून विचारावं, आमचे ठराव यात का नाहीत?