मदत हवी आहे: स्कितारी रंगवतोय, गंज किती दाखवू?

मंडळी,

वॉरहॅमर ४०,००० (छोटे पुतळे जोडून, रंगवून खेळायचा भविष्यातल्या युद्धाचा खेळ) मधल्या स्कितारींचा दहा जणांचा डबा घरी आलाय. खेळणार नाही, रंगवून काचेच्या कपाटात ठेवणार. स्पेस मरीन (याच खेळातले चिलखतधारी महायोद्धे) रंगवलेले बरेच जण इथे आहेत, पण स्कितारींबद्दल मराठीत काही सापडेना.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी: अ‍ॅडेप्टस मेकॅनिकस या मंगळावरच्या यंत्रपूजक पंथाचं हे पायदळ. जन्माने माणसंच. पण न थकता चालता यावं म्हणून पाय कापून धातूचे बसवलेले, आणि टेक-प्रीस्टला, म्हणजे पंथाच्या पुजाऱ्याला, हवं तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून बघता येतं, हुकूम थेट डोक्यात सोडता येतो. स्पेस मरीनच्या शरीरात निदान १९ नवे अवयव घालतात (प्रायमरिस या नव्या प्रकारच्या मरीनला आणखी ३) आणि वर त्याला देवदूत म्हणतात. स्कितारीच्या वाट्याला नुसती कापाकापी. मला म्हणूनच हे जास्त आवडतात.

तर अडचण अशी. स्कितारींचे दोन प्रकार, आणि डब्यातल्या त्याच सुट्या भागांतून रेंजर तरी जोडता येतात किंवा व्हॅनगार्ड तरी. मन व्हॅनगार्डकडे ओढतंय, कारण त्यांच्या रेडियम कार्बाइनचा (आखूड बंदुकीचा) किरणोत्सर्ग त्यांच्याच अंगात मुरलेला असतो. त्यांच्या नुसतं जवळ गेलं तरी शत्रू खचतो, आणि ते स्वतःही आतून मरतच असतात. हे रंगात कसं आणायचं? माझा बेत होता की पायांवर, बंदुकांवर भरपूर गंज आणि नळ्यांना हिरवी चमक. शिवाय बाहेर पाऊस थांबत नाहीये, त्यामुळे स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) मारू की नको तेही सांगा.

जाता जाता, भाचा विचारतोय की एवढं सगळं यंत्र लावायचं तर सरळ रोबोटच का नाही बनवत? मला नीट सांगता आलं नाही.

जुना ब्रश:
आधी प्रायमर. या हवेत डबा हलवूसुद्धा नका. दमट हवेत स्प्रे मारला की पृष्ठभाग खरखरीत होतो, बारीक वाळू भुरभुरल्यासारखा, आणि स्कितारीच्या अंगावरच्या नाजूक तारा-नळ्या त्याखाली गडप होतात. ब्रशने लावायचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर घ्या. दोन पातळ हात, मध्ये पहिला हात पूर्ण सुकू द्या. घाईने एकच जाड हात द्याल तर तोच प्रकार.

झग्याला मंगळाचा लाल हवा असेल तर मेफिस्टन रेड, घड्यांत अ‍ॅग्रॅक्स अर्थशेड हा पातळ तपकिरी सावलीरंग. धातूला लेडबेल्चर हा धातूरंग आणि वरून नल्न ऑइल हा पातळ काळा सावलीरंग. यात नवीन काही नाही, पण चुकतही नाही.

तेलकट:
गंजाबद्दल माझं मत वेगळं आहे, दादा. हे लोक यंत्राला देव मानतात. बंदुकीला पवित्र तेल चोपडतात, मंत्र म्हणतात, धूप दाखवतात. अशा पंथात ज्याच्या रायफलीवर गंज चढला त्याची काय गत होईल? गंज ही त्यांच्यात अस्वच्छता नाही, पाप आहे. म्हणून गंज द्यायचा तर फक्त पावलांना आणि झग्याच्या खालच्या काठाला, तोही खरं तर मंगळाची धूळ म्हणून. सांध्यांत मात्र तेल दाखवा. काळपट तपकिरी रंग पातळ करून गुडघ्याच्या खाचेत सोडा, वर चकचकीत वॉर्निश. उलट झगा खुशाल फाटका, डागाळलेला ठेवा. यंत्राची निगा आणि माणसाची हेळसांड एकाच अंगावर दिसली की काम झालं.

हिरव्या चमकेचंही तेच. जुन्या घड्याळांच्या काट्यांवरचा रेडियमचा रंग हिरवा चमकायचा तो त्यात मिसळलेल्या झिंक सल्फाइडमुळे. काही वर्षांत झिंक सल्फाइड निकामी होतं आणि काटे मळकट पिवळे-तपकिरी दिसू लागतात, रेडियमचा अर्धायुष्यकाल मात्र सुमारे १६०० वर्षं. म्हणजे चमक गेली तरी विष तसंच. दहापैकी एखाद्याच कार्बाइनला हिरवी छटा द्या, बाकीच्यांना विटका पिवळा.

भाच्याला सांगा की त्या विश्वात फार पूर्वी विचार करणाऱ्या यंत्रांनी माणसांवर उठाव केला होता. तेव्हापासून कृत्रिम बुद्धी निषिद्ध. यंत्र कितीही लावा, मेंदू हाडामांसाचाच लागतो. त्यांच्याकडे कास्टेलन नावाचे यंत्रमानव आहेत, पण त्यांच्या आज्ञावल्या बदलायलाही शेजारी एक माणूस उभा लागतो.

धागाकर्ता:
घड्याळाचं माहीतच नव्हतं, मस्त. गंजाचा बेत रद्द. व्हॅनगार्डच करतो. भाच्याचा पुढचा प्रश्न आलाय, "मग त्यांना पगार मिळतो का?" तो मी टाळलाय. एकच शंका: डोळ्यांची भिंगं कोणत्या रंगाची करू? झगे लाल आहेत.

जुना ब्रश:
हिरवी. लालाशेजारी तोच उठून दिसेल. आधी पूर्ण भिंग काळपट हिरवं, मग खालच्या कोपऱ्यात फिकट हिरवं, आणि वरच्या काळ्या बाजूला पांढरा ठिपका. ठिपका मोठा झाला तर पुसत बसू नका, वाळल्यावर त्यावर पुन्हा काळपट हिरवा द्या. फोटो टाका.