आमच्याच पॅनलची सरपंच, सहा सदस्य आमचे, तरी गावात आमचं चालत नाही. ही कसली लोकशाही?

पांझराकाठचा_शेतकरी

राम राम मंडळी. आमचं गाव धुळे तालुक्यातलं, पांझरेच्या काठावरचं. नाव लिहीत नाही.

गेल्या निवडणुकीत सरपंचपद अनुसूचित जमाती महिला असं राखीव निघालं. आमच्यात उमेदवार नव्हता म्हणून भिलाटीतल्या, म्हणजे गावच्या भिल्ल वस्तीतल्या, एका बाईंना आम्ही उभं केलं. फॉर्म आम्ही भरला, दाखल्यांसाठी आमची पोरं धुळ्याला चकरा मारत होती, प्रचाराची गाडी आमची, जेवणावळी आमच्या. सरपंच थेट जनतेतून होता, बाई चांगल्या फरकाने निवडून आल्या. नऊपैकी सहा सदस्यही आमच्या पॅनलचे आले.

सुरुवातीला सगळं सुरळीत होतं. कागद नेला की सही व्हायची. आता बाई आधी पोराकडून कागद वाचून घेतात, मग सही. कधी नाहीच करत.

भांडण आहे ते आमच्या मळ्याकडच्या रस्त्यावरून. काळी जमीन आहे, पाऊस पडला की बैलगाडी आसापर्यंत रुतते. वेचलेला कापूस बायका गाठोडी बांधून डोक्यावर आणतात. मागच्या दिवाळीच्या तोंडावर पाऊस झाला तेव्हा व्यापारी गाडी घेऊन आला आणि रस्ता बघून परत गेला. मासिक सभेत आम्ही सहा विरुद्ध तीन असा ठराव केला की वित्त आयोगाच्या पैशातून आधी हा रस्ता करा. बाई म्हणाल्या तो पैसा पाण्याचा आहे, ग्रामसेवकानेही त्यांचीच री ओढली. पैसा गेला भिलाटीच्या पाइपलाइनला. तिथे पट्टी भरणारी घरं बोटावर मोजण्याइतकी. गावच्या वसुलीत निम्म्याहून जास्त पट्टी आमच्या दोन गल्ल्यांची.

आता मला सांगा, लोकशाही म्हणजे बहुमत ना? मग सहा मोठे की तीन? ज्यांनी निवडून आणलं त्यांचंच ऐकायचं नाही ही गद्दारी नाही तर काय? आम्हाला अविश्वास आणायचा आहे. कसा आणतात ते जाणकारांनी सांगावं.

कापूसवाला_शिंदखेडा

भाऊ, आमना गावमा भी असंच व्हयेल शे. आरक्षणाने माणूस बसवायचा आणि काम करणाऱ्याने बघत राहायचं. माझं ऐका, दोन्ही गल्ल्यांनी घरपट्टी, पाणीपट्टी भरणं बंद करा. ग्रामसभेला एकानेही जाऊ नका. ग्रामपंचायतीचे दिवे बंद पडले की बाई आपोआप दारात येतील. ज्याचा पैसा त्याचा गाव.

निवृत्त_ग्रामसेवक

सगळी नोकरी धुळे आणि शिंदखेडा तालुक्यांत केली आहे, म्हणून लिहितो. जरा लांब होईल.

आधी अविश्वासाचं सांगतो, कारण तिथे तुम्ही तोंडघशी पडाल. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं आणि मुदतीच्या शेवटच्या सहा महिन्यांत अविश्वास आणता येत नाही. आणलात तर तीन चतुर्थांश सदस्य लागतात. नऊच्या बॉडीत सहा पुरत नाहीत. आणि ठराव झाला तरी तो विशेष ग्रामसभेपुढे जातो, तिथे गुप्त मतदान होतं. म्हणजे भिलाटीसकट सगळा गाव पुन्हा मत देणार. ठराव पडला तर पुढची दोन वर्षं परत आणता येणार नाही. ज्याला जनतेने बसवलं त्याला सहा जणांनी खोलीत बसून उठवू नये म्हणून कायद्याने ही सोय केलेली आहे.

शिंदखेड्याच्या भाऊंनी पट्टी बंद करायला सांगितलं. तसं केलंत तर सगळ्यात आधी तुमचेच सहा सदस्य घरी जातील. ग्रामपंचायत अधिनियम 1958, कलम 14 वाचा. मागणीचं बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर सदस्य अपात्र ठरतो. तुमच्या विरोधातल्या एकाने अर्ज टाकला की झालं.

आता पैशाचं. पंधराव्या वित्त आयोगाचा, म्हणजे 2021 ते 2026 या काळाचा, पैसा दोन भागांत येतो. 60 टक्के बंधित, 40 टक्के अबंधित. बंधित पैसा स्वच्छतेला आणि पिण्याच्या पाण्याला वापरायचा, दुसरीकडे नाही. तुमच्या सहा जणांनी काय, नऊच्या नऊ जणांनी ठराव केला असता तरी त्यातून रस्ता झाला नसता. बाईंनी सही केली असती तर उद्या ऑडिटमध्ये वसुली त्यांच्या नावावर निघाली असती. वाढपी तुम्ही, ताटही तुमचं आणि भरपाई तिच्या अंगावर. सही नाकारली ही बाईंची गद्दारी नव्हे, त्यांनी कायदा पाळला. ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर तुमच्या गावाचा आराखडा आणि खर्च दोन्ही दिसतात. मोबाईलवर उघडा आणि रस्ता कुठल्या हेडमध्ये धरला होता ते बघा. आराखड्यात तो नसेल, तर जेव्हा ग्रामसभेत आराखडा मंजूर झाला तेव्हा तुमच्या गल्लीतले किती जण हजर होते तेही विचारा.

आणि भिलाटीत पट्टी भरणारे कमी म्हणून त्यांचा हक्क कमी, हे जे तुमच्या मनात आहे त्याबद्दल मला बोलायचंच आहे. वित्त आयोगाचा पैसा तुमच्या घरपट्टीतून येत नाही, तो केंद्राकडून येतो. तुमची पट्टी जमा होते स्वनिधीत, आणि त्या स्वनिधीतलेही 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. बहुमताने ते फिरवता येत नाहीत.

जो पट्टी भरेल त्याचं राज्य, हा कायदा आपल्याकडे होऊन गेलेला आहे. माझे आजोबा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे शेतमजूर होते. 1937 साली मुंबई प्रांताच्या निवडणुका झाल्या तेव्हा ते ऐन उमेदीत होते, पण मतदार यादीत त्यांचं नाव नव्हतं. इंग्रजांच्या कायद्यात मत कोणाला, तर ठराविक शेतसारा भरणाऱ्याला, भाड्याचं किंवा मालकीचं पुरेसं मोठं घर असणाऱ्याला, शिकलेल्याला, फौजेतून निवृत्त झालेल्याला. ज्याच्या मळ्यात आजोबा राबत होते त्या मालकाला मत होतं, मळा पिकवणाऱ्याला नव्हतं. 1952 ला पहिली सार्वत्रिक निवडणूक आली तेव्हा आजोबा आणि आजी दोघांनी मत टाकलं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, पसंतीच्या पेटीत कागद टाकायचा. त्याच रांगेत मालकही होता आणि त्यालाही कागद एकच मिळाला. आजी हे सांगायची तेव्हा एक बोट वर करून दाखवायची. म्हणून "ज्याचा पैसा त्याचा गाव" हे वाचलं की मला राग येतो. त्या हिशेबाने माझं घर पुन्हा यादीबाहेर जातं.

राहिला प्रश्न "आम्ही निवडून आणलं" याचा. मत गुप्त असतं. कोणी कोणाला मत दिलं हे तुम्हाला कळण्याचा मार्गच नाही. तुमच्या गाडीत बसून आलेल्याने दुसरीकडे मत टाकलं असेल आणि समोरच्या पॅनलच्या घरातल्या सुनेने बाईंना मत दिलं असेल. जेवणावळींचं तर जाहीर लिहू नका, मतदाराला जेवण घालून मत घेणं हा गुन्हा आहे. निवड झाल्या दिवसापासून त्या गावाच्या सरपंच आहेत. तुमच्या गल्लीच्या आहेत तशा भिलाटीच्या आहेत, आणि ज्यांनी विरोधात मत दिलं त्यांच्याही आहेत.

पांझराकाठचा_शेतकरी

भाऊसाहेब, बंधित-अबंधितचं आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. ग्रामसेवक नुसतं "बसत नाही" म्हणायचा. पण माझं समाधान झालेलं नाही. बहुमताला काहीच अर्थ नसेल तर मग सदस्य निवडायचे कशाला? आणि आमचा रस्ता खरंच वाईट आहे. तो कोणी बघायचा? गरिबी फक्त भिलाटीत असते का? कापूस भिजून पडला की आमच्याही घरात सावकाराचा माणूस येतो.

माजी_सदस्य_अमळनेर

दादा, मी एक मुदत ग्रामपंचायत सदस्य होते. महिला राखीव वॉर्ड. तुमच्या पोस्टमधली एक ओळ मी परत परत वाचली. बाई आता कागद वाचून घेतात, असं तुम्ही तक्रार म्हणून लिहिलं आहे.

माझ्याकडे प्रोसिडिंगची, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही घरी यायची. मी चहा टाकत असायचे. शिपाई वही ओट्यावर ठेवायचा, मधलं पान उघडायचा आणि बोट ठेवून म्हणायचा, इथं करा ताई. वरचा भाग कोरा. बरेच दिवस असं चाललं. एकदा पान आधीच भरलेलं होतं म्हणून मी उभ्या उभ्या वाचलं. गावठाणातल्या जागेच्या ठरावाला अनुमोदक म्हणून माझं नाव होतं, आणि त्या दिवशी मी माहेरी होते. मी सही केली नाही. संध्याकाळी घरी चार माणसं आली, माझ्याशी कोणी बोललं नाही, सगळे माझ्या मिस्टरांशी बोलले. "वहिनींना जरा समजावा." त्या दिवसानंतर मला सभेची नोटीसच मिळायची बंद झाली. नोटीस मिळावी म्हणून मला पंचायत समितीत लेखी तक्रार द्यावी लागली.

1993 ला 73 वी घटनादुरुस्ती लागू झाली म्हणून बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, आपल्या राज्यात 2011 पासून निम्म्या. ही जागा सहीसाठी नाही, निर्णय घ्यायला आहे. तुमच्या सरपंचबाईंना वाचता येत नसेल आणि तरी त्या पोराकडून वाचून घेत असतील, तर गावात सगळ्यात जबाबदारीने काम त्याच करताहेत असं मी म्हणेन.

आणि भिलाटीत पाइपलाइन येण्याआधी पाणी कुठून भरत होत्या तिथल्या बायका? तुमच्या पोस्टमध्ये रस्त्याचं सगळं आलं, हे आलं नाही. तुमच्या बायका कापसाची गाठोडी वाहतात याचं तुम्हाला वाईट वाटतं, ते खरंच वाटायला पाहिजे. हंड्याचंही वजन तेवढंच असतं, आणि कापूस हंगामात असतो, हंडा रोज.

कापूसवाला_शिंदखेडा

ताई, तुमचं खरं असेल. पण सगळे कायदे एकाच बाजूने का असतात, हे माझं म्हणणं कायम आहे.

निवृत्त_ग्रामसेवक

शिंदखेड्याच्या भाऊंना एवढंच सांगतो की मी वर लिहिलेलं कलम 14 तुमच्या विरोधकालाही लागतं. भिलाटीतल्या सदस्याने पट्टी थकवली तर तोही जातो. कायदा बघत नाही कोण कोणत्या गल्लीचा.

पांझराकाठच्या भाऊ, तुम्ही रास्त विचारलंत. बहुमताला अर्थ आहे. अबंधित 40 टक्क्यांत काय आधी आणि काय नंतर, हे सदस्य आणि ग्रामसभा बहुमतानेच ठरवते. पण काही गोष्टी मताला टाकायच्याच नसतात, आणि पिण्याचं पाणी त्यातलं आहे. तुम्ही पांझरेकाठचे आहात, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना फड बागायतीचं विचारा. बंधारा, पाट आणि त्याखाली फड, म्हणजे शेतांचे गट. कोणत्या फडात यंदा ऊस, कोणता भुसार, कोणता पडीक, हे शेतकरी मिळून ठरवायचे. एका फडात एकच पीक. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागल्या. पाणी कमी असलं की उसाचं क्षेत्र सगळ्यांचंच कमी व्हायचं. पाटाच्या तोंडाशी ज्याचं शेत, त्याने "आम्ही जास्त आहोत" म्हणून शेपटाकडच्या माणसाचं पाणी तोडायचं नाही. काही शतकं आपल्या नद्यांवर हे चाललं. सगळ्यांनी मिळून ठरवणं आणि जास्त असलेल्यांनी घेऊन टाकणं यातला फरक आपल्या खापरपणज्यांना पक्का माहीत होता.

आता रस्त्याचं, कारण तुमचं ते दुखणं खरं आहे आणि तुमच्या रागात तेच हरवतंय.

नकाशावर तो पाणंद रस्ता, म्हणजे शेतात जायची सार्वजनिक गाडीवाट, आहे का, हे आधी तलाठ्याकडून गावनकाशा घेऊन बघा. असेल आणि कडेच्या शेतकऱ्याने नांगरून अरुंद केला असेल तर तहसीलदाराकडे अर्ज करा, मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5 लागतं, अडथळा काढून मिळतो. हे बहुधा तुमच्याच भाऊबंदांच्या बांधावर येईल, तयारी ठेवा. रस्ता मोकळा झाला की शेत आणि पाणंद रस्त्यांसाठी 2021 मध्ये आलेली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आहे, तिला ग्रामसभेचा ठराव लागतो. मासिक सभेचा सहा विरुद्ध तीन तिथे उपयोगी नाही.

पांझराकाठचा_शेतकरी

म्हणजे ग्रामसभेत बाईंकडेच जावं लागणार. भिलाटीतल्या लोकांनी रस्त्याला हात वर केला नाही तर?

निवृत्त_ग्रामसेवक

जावं लागणार. त्यांच्याकडे जाऊन बोला, फक्त पॅनल प्रमुखाला पाठवू नका, तुम्ही स्वतः जा. तुमच्या मळ्यात वेचणीला बायका कुठून येतात? भिलाटीतूनच येत असणार. त्याच रस्त्याने गाठोडं डोक्यावर घेऊन त्याही चालतात, त्यांना रस्ता नको असं का वाटावं?

ग्रामसभेची नोटीस किमान सात दिवस आधी निघते, तुमचा विषय त्याआधी लेखी द्या आणि पोच घ्या, म्हणजे विषयपत्रिकेवर येईल. ऐनवेळच्या विषयात ढकलू नका, तो पुढे अडकतो. गणपूर्तीला गावच्या मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यातली जी संख्या कमी ती लागते. तेवढी माणसं दोन्हीकडून मिळून आणा. अर्जासोबत गावनकाशाची प्रत आणि ज्यांची शेतं रस्त्याला लागून आहेत त्यांची संमती जोडा. संमतीचा नमुना हवा असेल तर इथेच सांगा, उद्या टाइप करून टाकतो.