ध्रुव साडेअठरा अंशांवर म्हणजे कुठे?

एकाने विचारलंय की पुण्यात ध्रुवताऱ्याचा उन्नतांश १८.५ म्हणजे नेमकं काय, आणि गच्चीवरून तो सापडत का नाही. उन्नतांश म्हणजे क्षितिजापासूनची उंची, अंशांत. क्षितिज ०, थेट डोक्यावरचा बिंदू, म्हणजे खस्वस्तिक, ९०. दिगंश म्हणजे दिशा, अंशांत; तो उत्तरेपासून पूर्वेकडे मोजतात: उत्तर ०, पूर्व ९०, दक्षिण १८०. ध्रुव उत्तरेला, म्हणजे त्याचा दिगंश जवळपास ०. ध्रुवाचा उन्नतांश जवळपास आपल्या अक्षांशाइतकाच असतो, म्हणून पुण्यात साडेअठरा.

मोजायला हात पुरतो. हात पूर्ण ताठ करून मूठ धरा, रुंदी साधारण १० अंश. क्षितिजावर मुठीवर मूठ ठेवली की वरच्या मुठीच्या माथ्याच्या किंचित खाली ध्रुव. कोपर वाकलं तर मूठ डोळ्याजवळ येऊन मोठी दिसते, हिशेब चुकतो. आणि क्षितिज म्हणजे डोळ्याच्या पातळीतली आडवी रेषा, समोरच्या इमारतीचा कठडा नव्हे. बहुतेकांचं इथेच फसतं. उत्तर शोधताना मोबाइलचं होकायंत्र लोखंडी रेलिंगपासून लांब धरा.

ध्रुव हा आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा नाही, त्याची प्रत (तेजाचा आकडा; जितका लहान तितका तारा तेजस्वी) सुमारे २ आहे. शहराच्या उजेडात, तेही इतक्या खाली, तो फिकटच दिसणार. एप्रिल-मेमध्ये रात्री नऊच्या सुमारास सप्तर्षीतल्या पुलहापासून क्रतूकडे (चौकोनाच्या शेपटीपासून लांबच्या बाजूचे हे दोन तारे) रेषा काढा आणि त्या दोघांतल्या अंतराच्या पाचपट पुढे न्या, तिथे ध्रुव.