मदत हवी आहे: एकाच बागेतला बेदाणा थोडा हिरवा, थोडा लालसर कसा?

नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यात आमची दोन एकर थॉम्पसन द्राक्षाची बाग आहे, बेदाणा घरच्याच शेडवर करतो. घड बुडवायचं द्रावण नेहमीचंच, लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल. यंदा रॅकवर माल टाकला आणि तीन दिवस आभाळ भरून राहिलं. पाचव्या दिवशी बघतो तर मणी लालसर. सगळे नाहीत, तीच तर गोम आहे. पश्चिमेच्या ओळीतले, उन्हात तापलेले घड वेगळ्या जाळीवर होते. तिथला माल सगळ्यात गडद. आणि क्रेटमध्ये दबलेल्या मण्यांना देठापाशी तपकिरी कडं आलंय, नखाएवढं.

दुकानदार म्हणतो ऑइल कमी पडलं. (तो दुसरं काय म्हणणार!) पुतण्या कृषीला आहे, तो म्हणतो, "काका, हे फिनॉलमुळे." पण हीच फिनॉल, म्हणजे झाडातली नैसर्गिक रसायनं, रोगाशी लढतात असंही तोच सांगतो. उन्हातल्या घडात ती जास्त असतात का? आणि आता गंधकाची धुरी दिली तर हिरवा रंग परत येईल का?

प्रतिसाद:
पुतण्या बरोबर सांगतोय. द्राक्षात फिनॉल मुख्यतः सालीत आणि बियांत असतात. तुमची थॉम्पसन बिनबियांची, म्हणजे सगळा खेळ सालीचा. ऊन खाल्लेल्या सालीत फ्लेव्होनॉल नावाची फिनॉल वाढतात, ती अतिनील किरण शोषतात. केवडा रोग आला की त्याच्याशी लढायला वेल रेस्व्हेराट्रॉल बनवते, तेही फिनॉलच. पेशी धड असेतोवर फिनॉल एका कप्प्यात आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) दुसऱ्या कप्प्यात. मणी दबला की दोघांची गाठ पडते, हवेतला ऑक्सिजन मिळतो, क्विनोन नावाची संयुगं तयार होतात आणि ती एकमेकांना जोडली जाऊन तपकिरी रंग चढतो. चिरलेलं वांगं काळं पडतं ते असंच. विकराला ओल लागते, ती आभाळानं तीन दिवस जास्त पुरवली. ऑइल फक्त मण्यावरच्या मेणातून पाण्याला वाट करून देतं, रंग ते धरून ठेवत नाही. धुरी आधी दिली असती तर विकर अडलं असतं. आता माल थोडा उजळेल, हिरवा होणार नाही. पुढच्या वेळी उन्हातले घड वेगळे, पातळ थरात टाका.

धागाकर्ता:
आभारी आहे दादा. पश्चिमेचा माल वेगळ्या क्रेटमध्ये काढतोय, सौद्यालाही वेगळाच नेतो. पुतण्याला हे वाचून दाखवलं, तर गडी कालपासून फार ऐटीत आहे.