डेटाबेस सर्व्हरची डिस्क टेस्ट करून राहिलो, पण आकडे खरे वाटत नाहीत

भाऊ, नागपूरच्या धरमपेठेत छोटं ऑफिस आहे आमचं, नवीन सर्व्हर आला, ६४ जीबी रॅम, दोन साटा एसएसडी मिररमध्ये (दोन्हीवर तोच डेटा), त्यावर पोस्टग्रेस डेटाबेस टाकायचंय. लाईव्ह करायच्या आधी डिस्क रगडून पाहू म्हणून फायो (डिस्कचा वेग मोजायचं टूल) चालवलं, ४ जीबीची फाईल, तर रीड सेकंदाला ३ जीबीच्या वर! साहेब खूष, मले डाऊट आहे.

संत्राबर्फी:
साहेबाले पेढे वाटू देऊ नका इतक्यात 😄 साटाची एक एसएसडी ५५० एमबीच्या आसपास थांबते, दोन मिळून ११००, मग ३ जीबी आले कुठून? रॅममधून. फायोले डायरेक्ट=१ लावा, म्हणजे रॅम टाळून थेट डिस्कवर जाते, फाईल रॅमच्या दुप्पट घ्या, ब्लॉक ८ केबी कारण पोस्टग्रेसचं पेज तेवढंच असते, रँडम, ७० टक्के रीड ३० राईट, आणि तासभर तरी चालू द्या, स्वस्त एसएसडी सुरुवातीले कॅशेवर (आतली छोटी, वेगवान जागा) मिरवते, ती भरली की राईट धपकन खाली.

तर्रीपोहा:
सरासरी पाहूच नका बे, ९९ पर्सेंटाईलची लेटन्सी पाहा, म्हणजे १०० पैकी ९९ कामं किती वेळाच्या आत उरकतात ते. कमिट (डेटाबेसमधला बदल पक्का करणं) अटकते ते एफसिंकवर, म्हणजे डेटा खरंच डिस्कवर लिहून होईपर्यंत थांबण्यावर, ते मोजायले पीजी_टेस्ट_एफसिंक टूल पोस्टग्रेससोबतच येते. आणि फायोच्या फाईलनेममध्ये चुकूनही अख्ख्या डिस्कचं नाव देऊ नका, मी दिलं होतं एकदा, राईट टेस्ट होती, पार्टिशनसकट सगळं साफ. रात्रभर बॅकअप चढवत बसलो.

प्रश्नवाला:
बाप रे. डायरेक्ट लावलं तर रीड ९० एमबीवर आलं! आता साहेबाले कोण सांगते?

संत्राबर्फी:
रँडम ८ केबीले ९० म्हणजे सेकंदाला ११ हजार रीड (आयओपीएस), तेवढं वाईट नाही. एसी बंद ठेवून नका चालवू फक्त, मे महिना आहे.