मदत हवी आहे: पंधरा दिवसांत दोन इको, दोन वेगळे निष्कर्ष. झडप बदलायची की थांबायचं?

उंबरठा
आईचे पंधरा दिवसांत दोन टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाले. पहिल्यात 'सिव्हिअर एऑर्टिक स्टेनोसिस', म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी झडप फार अरुंद, तिचा एरिया ०.७५ चौरस सेंटीमीटर. दुसऱ्यात 'मॉडरेट' (मध्यम), एरिया १.०२. पहिले डॉक्टर म्हणतात झडप बदलावी लागेल, महिनाभरात ठरवा. दुसरे म्हणतात सहा महिन्यांनी पुन्हा इको करू. पंधरा दिवसांत झडप आपोआप उघडते का? आईला त्रास काही नाही. मशीन चुकलं की माणूस? दोघांपैकी कोणाचं ऐकायचं तेवढंच सांगा. उद्या संध्याकाळी पहिल्या डॉक्टरांना कळवायचं आहे.
'अजून एका डॉक्टरांना दाखवा' असं कृपया कोणी लिहू नका. दाखवूनच इथे आले आहे.

कडूनिंब
आईंचं वय? ईएफ (हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त फेकतं) किती? मीन ग्रेडियंट (झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला सरासरी फरक) किती? उंची-वजन? नुसत्या एरियावर कोणीच काही सांगू शकणार नाही.

गवतफूल
घाबरू नका. माझ्या मावशीची झडप अशीच अरुंद होती. मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन उघडली, तिसऱ्या दिवशी घरी आली. त्याला आता सोळा वर्षं झाली. छाती उघडायची गरजच पडली नाही. आधी फुग्याचं विचारा.

उंबरठा
वय ७१. ईएफ ६०, म्हणजे हृदय उत्तम आहे असं दोघेही म्हणाले. ग्रेडियंट पहिल्यात २८, दुसऱ्यात २९. बाकी रिपोर्ट इंग्रजी आकड्यांनी भरलेला आहे, त्यातलं काय हवं ते सांगा.
@गवतफूल, फुग्याचं कोणीच बोललं नाही. का बोलले नसतील?

कडूनिंब
कारण मावशींची झडप बहुधा मायट्रल (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) असणार. संधिवाताच्या तापाने मायट्रलच्या पाकळ्या कडेला एकमेकींना चिकटतात. फुगा तो चिकटलेला सांधा उकलतो, म्हणून तिथे वर्षानुवर्षं टिकतो. जपानच्या कांजी इनोऊ यांनी १९८२ साली ही पद्धत सुरू केली. एकाहत्तराव्या वर्षी एऑर्टिक झडप अरुंद होते ती बहुतेक वेळा कॅल्शियम साचून. तिथे उकलायला सांधाच नसतो. फुग्याने थोडी वाट होते आणि काही महिन्यांत झडप पुन्हा आवळते. पेशंट फार अत्यवस्थ असेल तर मधला पूल म्हणून वापरतात, कायमचा इलाज म्हणून नाही.

गवतफूल
मायट्रलच होती, आत्ता विचारून घेतलं. पण मी मनापासून सांगितलं होतं.

दीपस्तंभ
टावी करून टाका. वडिलांची केली, चौथ्या दिवशी चालत होते. मांडीतून नळी, जुन्या झडपेतच नवी झडप, विषय संपला. २००२ मध्ये फ्रान्समध्ये डॉ. अलँ क्रिबिए यांनी पहिली केली, आता जगभर होते. या काळात छाती कापून घ्यायची कशाला?

तळ्यातमळ्यात
विषय संपत नाही. टावीनंतर हृदयाच्या ठोक्याची वायरिंग दाबली जाऊन काहींना पेसमेकर लागतो. झडपेला जन्मतः दोनच पाकळ्या असतील किंवा सोबत बायपास करायचा असेल तर सर्जरी सरस ठरू शकते. युरोपच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत टावीला झुकतं माप ७५ च्या पुढे होतं, २०२५ मध्ये ते ७० वर आणलं. अमेरिकेच्या २०२० च्या सूचना ६५ ते ८० मध्ये दोन्ही मार्ग खुले ठेवतात. वडिलांचं वय किती होतं?

दीपस्तंभ
८२.

तळ्यातमळ्यात
मग तुलना कशी होणार? या ताईंच्या आई ७१ च्या आहेत. टिश्यू झडप (जनावराच्या ऊतीपासून केलेली) साधारण दहा ते पंधरा वर्षं टिकते. पुढच्या झडपेचा विचार आजच करावा लागतो.

रानवाट
कृत्रिम धातूची झडप बसवली तर आयुष्यभर वॉर्फरिन (रक्त गोठू न देणारी गोळी) लागते हे लक्षात ठेवा. माझी एऑर्टिक धातूची आहे, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) २ ते ३ मध्ये ठेवतो. पालेभाजी बंद करू नका, रोज साधारण तेवढीच खा. आणि 'तपासणी न लागणारी नवी गोळी घ्या' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. तशाच एका गोळीचा, डॅबिगाट्रानचा, धातूच्या झडपेवरचा अभ्यास २०१३ ला छापून आला. झडपेवर गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले म्हणून तो मध्येच थांबवावा लागला होता.

उंबरठा
माहिती चांगली आहे हो, पण झडप बदलायची की नाही हेच अजून ठरलेलं नाही! माझा प्रश्न दोन रिपोर्टचा आहे. कोणीतरी तेवढ्याचं उत्तर द्या.

रेघोटी
मी गेली बारा वर्षं इको करते. रिपोर्टवर 'एलव्हीओटी डायमीटर' (झडपेच्या अलीकडच्या वाटेचा व्यास) लिहिलेलं असतं. दोन्ही रिपोर्टवरचा आकडा द्या. शिवाय 'स्ट्रोक व्हॉल्यूम इंडेक्स' (शरीराच्या आकारमानाच्या मानाने दर ठोक्याला किती रक्त जातं) आणि इको करतानाचा बीपी लिहिला असेल तर तोही.

उंबरठा
एलव्हीओटी पहिल्यात १.८ सेंटीमीटर, दुसऱ्यात २.१. इंडेक्स पहिल्यात ३३, दुसऱ्यात ४५. बीपी पहिल्यावर १७८/९६ लिहिलाय, दुसऱ्यावर नाही. हे आधी कोणी विचारलंच नाही.

रेघोटी
तुमचं उत्तर याच आकड्यांत आहे. झडप पंधरा दिवसांत बदललेली नाही.

झडपेचं तोंड आम्ही थेट मोजत नाही. झडपेच्या अलीकडची वाट किती रुंद आणि तिथून किती रक्त जातं, त्यावरून एरिया काढतो. त्या गणितात वाटेच्या व्यासाचा वर्ग येतो. १.८ चा वर्ग ३.२४, २.१ चा ४.४१. ४.४१ ला ३.२४ ने भागा, १.३६ येतं. आता ०.७५ ला १.३६ ने गुणा: १.०२. बाकी सगळं तेच असताना तीन मिलीमीटरच्या फरकाने सिव्हिअरचं मॉडरेट झालं. पडद्यावर रेघ कुठून कुठे ओढायची यात दोन अनुभवी माणसांतही एवढा फरक पडतो, विशेषतः तिथे कॅल्शियम असेल तर चित्र धूसर दिसतं. निष्काळजीपणा झाला असं मी म्हणणार नाही.

दुसरं म्हणजे बीपी. १७८ असताना हृदयाला पुढचा दाब जास्त असतो, रक्त कमी फेकलं जातं आणि ग्रेडियंट खोटा कमी दिसू शकतो. तो इको बीपी आटोक्यात असताना पुन्हा व्हायला हवा.

कडूनिंब
सहमत, आणि त्यात भर. एरिया १ च्या आत, मीन ग्रेडियंट ४० च्या वर, झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला ४ मीटरच्या वर, हे तिन्ही जुळलं की सिव्हिअर यात वाद उरत नाही. इथे पहिल्या रिपोर्टचा एरिया सिव्हिअर म्हणतो, ग्रेडियंट नाही म्हणतो. इंडेक्स ३५ च्या खाली असेल तर ईएफ ६० असूनही हृदय दर ठोक्याला कमी रक्त फेकतंय. जाड भिंतींचं, आतून लहान झालेलं हृदय असंच वागतं. म्हणून 'ईएफ उत्तम' एवढ्यावर निश्चिंत होऊ नका.

पाणवठा
तोपर्यंत कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करा, झडपेतलं कॅल्शियम विरघळतं. माझ्या शेजाऱ्यांना सांगितलं होतं डॉक्टरांनी.

तळ्यातमळ्यात
विरघळत नाही. २००८ च्या मोठ्या चाचणीत सिमव्हास्टॅटिन आणि इझेटिमाइब देऊन पाहिलं, झडप अरुंद होणं थांबलं नाही. हृदयाच्या नळ्यांसाठी ती गोळी लागत असेल तर घ्यावी, झडपेसाठी नाही.

पाणवठा
बरं. पण छातीत भरून आलं तर जिभेखालची गोळी तरी जवळ ठेवा.

कडूनिंब
कृपया हे करू नका. झडप खरंच आवळलेली असेल तर त्या गोळीने बीपी एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. त्यांच्या डॉक्टरांनी दिल्याशिवाय अजिबात नाही.

रेघोटी
@उंबरठा, दोन्ही इकोंचे झडपेवरचे आणि झडपेखालचे व्हीटीआय (एका ठोक्यात रक्त किती अंतर जातं) दिसतात का? त्यांच्या गुणोत्तरात व्यास येतच नाही.

उंबरठा
झडपेखालचा २०, झडपेवरचा ६८. दुसऱ्यातही तेवढेच.

रेघोटी
२० भागिले ६८, म्हणजे ०.२९. पाव म्हणजे ०.२५ च्या खाली असतं तर सिव्हिअर म्हटलं असतं. हे अधल्यामधल्या पट्ट्यात आहे. म्हणजे एकट्या इकोवर यांचं ठरणार नाही. झडपेचा कॅल्शियम स्कोअर करा. साधा सीटी स्कॅन, शिरेतून औषध नाही. बायकांत १२०० च्या वर गेला तर सिव्हिअरची शक्यता मोठी, १६०० च्या वर फारच. पुरुषांत हेच आकडे २००० आणि ३०००. आईंचा रिपोर्ट पुरुषांच्या आकड्यांवर वाचला जात नाहीये हे विचारून घ्या.

सांजवारा
मी फिजिशियन आहे. सगळे आकड्यांत गुंतलात, पण 'त्रास काही नाही' हे वाक्य कोणी तपासलं? ताई, आईंना त्रास होतो का असं विचारू नका. गेल्या दिवाळीला सहज करत होत्या आणि आता करत नाहीत असं काय, ते विचारा. झडप हळूहळू आवळते, माणूसही हळूहळू आपलं काम आवळत जातो, मग दम लागायची वेळच येत नाही. चक्कर आली होती का, हेही नीट विचारा. खरोखर लक्षणं नसतील तरच डॉक्टरांच्या देखरेखीखाली ट्रेडमिल करतात. लक्षणं असताना सिव्हिअर झडपेवर ती करायची नसते.

उंबरठा
काल रात्री विचारलं. आधी 'काही नाही गं' म्हणाली. मग तुम्ही लिहिलंत तसं विचारलं. गच्चीवर कपडे वाळत घालायचं तिने पावसाळ्यातच सोडलं. जिन्यात मध्ये थांबते आणि मी बघितलं की फोन पाहते. मला वाटायचं मेसेज वाचतेय. महिन्यापूर्वी गॅलरीत दोरीला हात घातला आणि डोळ्यांपुढे अंधार झाला, खाली बसली. कोणालाच सांगितलं नाही, का तर मी लगेच दवाखान्यात नेईन म्हणून.
मी एकाच घरात राहते आणि मला कळलं नाही.

सांजवारा
स्वतःला दोष देऊ नका, बरीच माणसं असंच लपवतात. पण आता सहा महिने थांबायचा पर्याय उरला नाही. हे जसं इथे लिहिलंत तसंच कागदावर लिहून दोन्ही डॉक्टरांना द्या, तारखांसह. आजच. पुन्हा अंधारी आली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सीत.

गवतफूल
जिन्यात फोन बघायची मावशीलाही सवय होती. वाचून अंगावर काटा आला.

उंबरठा
अपडेट. पहिल्या डॉक्टरांना कागद दिला. त्यांनी बीपी १३० वर आणून स्वतः समोर बसून इको करवून घेतला: व्यास १.९, ग्रेडियंट ३४, इंडेक्स ३६. कॅल्शियम स्कोअर १७८०. दुसऱ्या डॉक्टरांना फोनवर हे सांगितलं, त्यांनीही आपलं मत बदललं, थांबू नका म्हणाले. टावी की सर्जरी हे आता सर्जन आणि कार्डिओलॉजिस्ट मिळून ठरवणार आहेत, त्यासाठी मांडीपासून हृदयापर्यंतचा औषध देऊन सीटी गुरुवारी आहे. @रेघोटी, @कडूनिंब, @सांजवारा, तुमचे आभार कसे मानू?

तळ्यातमळ्यात
औषध देऊन सीटी आहे तर आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासलंय ना? डायबिटीसची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर तेही सांगा.

रानवाट
आणि दात! झडप बसवायच्या आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. हिरड्यांतले जंतू नव्या झडपेवर जाऊन बसतात. मी हे नंतर केलं. कृत्रिम झडप असल्याने हिरडी दुखावणाऱ्या दाताच्या कामाआधी अमॉक्सिसिलिन (अँटिबायोटिक) घ्यावं लागतं. ते तुमच्या आईंनाही लागेल, पण किडलेले दात आताच काढून टाकलेले बरे.

उंबरठा
क्रिएटिनिन ०.९, डायबिटीस नाही. खालची एक दाढ दुखते म्हणाली होती, आणि तीही मी इतके दिवस मागे टाकली. उद्या सकाळची वेळ घेतली आहे.