द्रुतगती मार्गावरचे फलक इतके चांगले, तर फाटा चुकतो कसा?

कळंबोलीकर
परवा इथल्याच एका रस्तेप्रेमी सदस्याने मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या फलकांवर पोस्ट टाकली. कळंबोलीपासून किवळ्यापर्यंतचे फोटो, रात्री दिवा पडला की लखलखणारे पत्रे, डोक्यावरच्या कमानी. मेहनत दिसते, फोटो सुरेख आहेत. पण शेवटी लिहिलंय की फलक इतके उत्तम आहेत की फाटा चुकणाऱ्याने स्वतःलाच दोष द्यावा. हे वाक्य मला लागलं. कारण मी चुकलोय.

तीन वर्षांपूर्वी, भर आषाढात, खोपोलीला मावशीकडे निघालो होतो. काकांना त्याच दिवशी दवाखान्यातून घरी आणलं होतं आणि औषधांची पिशवी माझ्याकडे होती. खालापूरचा टोल भरला. पाऊस असा की वायपर पुरेना. डावीकडे एकामागे एक दोन कंटेनर. फलक होता, नाही म्हणत नाही, पण तो कंटेनरांच्या पलीकडे होता. दोघांच्या मधल्या फटीतून मला फक्त ‘ख’ दिसला. खोपोलीचा की खंडाळ्याचा, हे कळेपर्यंत फाटा मागे गेला. मग घाट चढण्याशिवाय इलाज नाही. लोणावळ्याला बाहेर पडलो आणि जुन्या रस्त्याने शिंगरोबाच्या देवळावरून परत खाली उतरलो. मावशी दारात उभी होती.

साधा हिशेब करा. ताशी १०० म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. ५०० मीटर आधी फलक दिसला तर हातात १८ सेकंद. तेवढ्यात वाचायचं, आरसा बघायचा, इंडिकेटर द्यायचा आणि मार्गिका बदलायची. फाट्याचं नाव २ किलोमीटरवर, १ किलोमीटरवर आणि ५०० मीटरवर असं तीनदा यायला हवं, आणि तिन्ही वेळा डोक्यावर. डाव्या कडेच्या खांबावर लावून भागत नाही.

रस्ताछंदी
ती पोस्ट माझी. वाक्य कडक झालं असेल, मागे घेत नाही. हा रस्ता २००२ मध्ये पूर्ण खुला झाला तेव्हा मी सातवीत होतो. त्याआधी जुन्या रस्त्याने वडिलांच्या फियाटमधून जायचो. मैलाचे दगड मोजणं हे माझं काम, आणि अर्धे दगड गवतात. नव्या रस्त्यावर पहिल्यांदा हिरवी कमान डोक्यावरून गेली तेव्हा वडिलांनी गाडी हळू केली होती, नुसती बघायला. तुम्हाला आज हे साधं वाटतं. आणि १०० ही मर्यादा आहे, सक्ती नाही. वायपर पुरत नव्हते तर १०० ने का चालला होता?

कळंबोलीकर
१०० ने नव्हतोच. ७० च्या आसपास होतो. फलकच दिसला नाही तर वेग कितीही असो.

शीवची मीना
मीटर-सेकंद चालू द्या, मला वेगळं विचारायचंय. फोटोंमध्ये ‘लोनावला’ आणि ‘खंडाला’ कुणालाच दिसलं नाही? माझी आई फक्त मराठी वाचते. पुण्याला जाताना ती पुढच्या सीटवर बसते आणि चष्मा पुसून प्रत्येक फलक मोठ्याने वाचत जाते, तेवढाच तिचा प्रवासातला आनंद. एकदा म्हणाली, “हे लोनावला कुठलं गं? आपलं लोणावळा अजून आलं नाही का?” ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले. आणि फलकावर गावाच्या नावातला ळ वाचवता येत नाही. मी राहते त्या शीवचं ‘सायन’ झालं, परळचं ‘परेल’, कळव्याचं ‘कलवा’.

उरणचा ट्रकमालक
ताई, ‘ल’ने कुणाचा जीव जात नाही. माझ्या चार गाड्या न्हावा-शेव्याहून निघतात. एक ड्रायव्हर बीडचा, एक आझमगडचा, दोघे राजस्थानचे. ते अक्षर वाचून नाही, चित्र वाचून गाडी चालवतात. घाट उतरताना ‘न्यूट्रल करू नका’ हे वाक्य किती जण वाचतात? त्यापेक्षा तीव्र उताराचं त्रिकोणी चित्र मोठं लावा.

आणि कळंबोलीकर साहेब, कंटेनर आड आला म्हणता. अवजड वाहनांनी डावी मार्गिका धरावी, हे कोण सांगतं? तुमचेच फलक. डावीकडे राहिलो तर फलक झाकतो म्हणून शिव्या, उजवीकडे गेलो तर रस्ता अडवतो म्हणून शिव्या. आम्ही हवेतून माल न्यायचा का?

शीवची मीना
जीव जात नाही म्हणून नावं कशीही लिहायची? तुमच्या गाडीच्या कागदावर तुमचं आडनाव चुकलं तर दुरुस्त करून घेता ना? मग गावाने काय पाप केलंय?

खंडाळ्याचा नातू
मीनाताई, ळ तर आहेच, पण आख्ख्या घाटाचं नाव चुकतंय त्याचं काय? तो बोरघाट आहे, ‘भोर घाट’ नव्हे! भोर पुण्याच्या दक्षिणेला, तिथून वरंधा घाटाने महाडला उतरतात. दोन घाटांत अख्खा मावळ-मुळशी आहे. इंग्रजीत ‘बी’पुढे ‘एच’ लागला आणि तो उलटा मराठीत शिरला. आता रेल्वे तेच म्हणते, बातम्यांत तेच येतं. ज्या शिंगरोबा धनगराने साहेबाला घाटाची वाट दाखवली असं आम्ही लहानपणापासून ऐकलं, त्याच्या देवळापुढे ड्रायव्हर अजून नाणं टाकतात. त्याचा घाट दुसऱ्या गावाच्या नावावर कसा चढवता?

रस्ताछंदी
धागा फलकांचा आहे. घाटाच्या नावावर वेगळा काढा.

खंडाळ्याचा नातू
नाव हे फलकावरच असतं. दुसरं कुठे असतं? अमृतांजन पूल घ्या. बामच्या जाहिरातीच्या फलकावरून त्याचं नाव पडलं. १८३० चा पूल एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत पाडला, तरी आजही लोक फोनवर “अमृतांजनला अडकलोय” म्हणतात. एका फलकाची ताकद बघा. म्हणून चुकीचं लिहिलेलं मला सहन होत नाही.

उरणचा ट्रकमालक
बोर म्हणा की भोर, उतार तेवढाच आहे.

खंडाळ्याचा नातू
तुम्हाला फरक पडत नसेल तर गप्प बसा. आमचं गाव आहे ते.

रात्रपाळी
भांडू नका. माझा अनुभव सांगते. पुण्याहून येताना कामशेत बोगद्याच्या आसपास रात्री दीडला गाडी बंद पडली, सोबत लहान मुलगी. मदतीसाठी फोन केला तर पलीकडून एकच प्रश्न : किलोमीटर क्रमांक किती? मी बोगदा सांगतेय, डोंगर सांगतेय, काही उपयोग नाही. नवरा मोबाइलचा टॉर्च घेऊन कठड्याला घासत पुढे गेला आणि टॉर्च पडताच किलोमीटरचा छोटा फलक चमकला. आकडा सांगितला, गाडी आली. पोस्टमधला त्या चमकत्या पत्र्याचा फोटो बघून मला ती रात्र आठवली. गावांची नावं कशीही लिहा असं मी म्हणणार नाही, पण त्या रात्री आम्हाला आकड्याने वाचवलं.

कळंबोलीकर
रात्रपाळीताई, हे मान्य. किलोमीटरच्या फलकांबद्दल मी वाईट बोलणार नाही. ट्रकमालकांचंही एक मान्य करावं लागतंय : दोष कंटेनरचा नाही, तो सांगितल्या जागीच होता. म्हणजे फलक चुकीच्या जागी होता. जिथे अवजड गाड्या डावीकडे चालवायच्या आहेत तिथे फाट्याचा फलक डाव्या कडेला असून चालत नाही. समृद्धीवर तर मर्यादा १२०, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. तिथे आणखी आधी सांगायला हवं.

मीनाताई, ळ चं तुमचं बरोबरच आहे, आणि ते याच्याशी जोडलेलंही आहे. आधीच मराठी अक्षरं इंग्रजीपेक्षा बारीक काढतात, ‘ख’ लांबून ‘रव’ दिसतो, त्यात नावही ओळखीचं नसेल तर डोळा अडखळतो. ओळखीचा शब्द माणूस अर्धा वाचूनही ओळखतो.

रस्ताछंदी, तुम्हाला एकच विनंती. तुमचे फोटो कुठून काढलेत ते सांगाल?

रस्ताछंदी
शेजारच्या सीटवरून. भाऊ गाडी चालवत होता. रविवारी पहाटे निघालो होतो, गर्दी नको म्हणून.

आत्ता सगळे परत उघडून बघितले. खोपोली फाट्याचे तीन आहेत. तिन्हींत डावी मार्गिका रिकामी आहे.

कळंबोलीकर
मग एकदा पावसाळ्यात, कामाच्या दिवशी, मधल्या मार्गिकेतून काढा. मी गाडी चालवतो.

रस्ताछंदी
येतो. वाक्याचं तेव्हा बघू.

खंडाळ्याचा नातू
जाताना घाटाच्या पाटीचा फोटो घ्या. तिथे ‘भोर’ लिहिलं असेल तर मला पाठवा, मी अर्ज लिहून ठेवलाय.